दोन पेट्यांची जागा

८ मार्च, शनिवार

प्रिय दादा,

साष्टांग वगैरे लिहिलं तर तू हसशील, म्हणून साधाच नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालते, कारण वहिनीचा फोन आला नाही की तिकडे सगळं ठीक असतं.

फोन मलाही करता आला असता. पण मी गिटार हा शब्द काढला की तू ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. पत्र फार तर बाजूला ठेवशील. मध्येच तोडता तर येणार नाही.

बातमी अशी की आत्या गाणं थांबवतेय. घशाच्या डॉक्टरांनी तिला तिच्या स्वरतंतूंचा फोटो दाखवला आणि म्हणाले, आता गात राहिलात तर बोलणंही जाईल. आत्याने विचारलं, “आधी काय जाईल?” ते म्हणाले, गाणं. “मग ते जायच्या आत एक कार्यक्रम करून घेते,” म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर आली. २२ तारखेला, शनिवारी, दुपारी चार वाजता. अकरा गाणी. सभागृह तेच. हो, तेच. दुसरं मिळत होतं, पण तिला चाललं नाही.

ड्रमवर ठोक्याच. त्याचे केस गेले, हात तसेच आहेत. बास वाजवायला मौनी, आणि तो अजूनही मौनीच आहे. परवा तालमीत अचानक “चहा आहे का?” म्हणाला तर आम्ही तिघं दचकलो.

आता माझी अडचण. गाडी ठोक्याची. तिच्यात ड्रम, दोन अॅम्प, पुढे आत्या, मागे मौनी आणि त्याच्या मांडीवर त्याची बास. उरलेल्या जागेत गिटारच्या दोन पेट्या बसतात. मी तीन बसवून पाहिल्या. ठोक्याने मागचं दार बाहेरून गुडघ्याने ढकललं, मी आतून ओढलं, दार काही लागलं नाही. “एक तर तिसरी गिटार घरी राहील, नाहीतर तू,” तो म्हणाला.

माझ्याकडे तीन आहेत. एक लाल. तुझीच, पण आता एकोणीस वर्षं मी वाजवते. अजूनही अर्ध्या तासात खांदा दुखवते, पण आवाज इतका भरीव की एक तार छेडली तरी खोली भरते. ती येणारच. दुसरी दुधी, ती मी घेतलेली, तू पाहिलेली नाहीस. हलकी आहे, गुणी आहे, दिव्यांच्या उष्णतेतही सूर सोडत नाही. लालची तार तुटली तर त्या क्षणी उचलावी आणि पुढची ओळ वाजवावी अशी. कोणीही शहाणा माणूस लाल आणि दुधी नेईल, विषय संपला.

तिसरी काळी.

काळीची पेटी माझ्या कपाटावर आहे. तू तिची कुलपं लावलीस त्या दिवसापासून ती तशीच आहे. मी धूळ पुसते, एवढंच. आत्या काल माझ्या दुकानात आली, थेट स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काळी आण.”

“कशाला?”

“शेवटचं गाणं काळीवर बसवलेलं आहे म्हणून. आणि ते वाजवतो कोण, हे तुला मी सांगायला नको.”

“आत्या, एकोणीस वर्षांत तो गिटारला शिवलेला नाही.”

“मीही एकोणीस वर्षांत त्याला बोलावलेलं नाही. आता बोलावतेय. कळव त्याला.”

“आणि नाही आला तर? काळी मी लोकांसमोर वाजवणार नाही, आणि ती नेली की दुधी घरी राहणार. लालची तार तुटली तर मी काय करू, टाळ्या वाजवू?”

“तेवढी ओळ मी गुणगुणेन,” म्हणाली. “पण तू लिही. तुझं तो ऐकतो.”

तुझं तो ऐकतो. हे तिने सहज म्हटलं. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि उगाच दुसरा उचलला.

तर विचारायचं ते हेच. येशील का? एकच गाणं, तेही शेवटचं. तू येणार असशील तर मी लाल आणि काळी नेते. नाही म्हणालास तर लाल आणि दुधी. दोन्ही पर्यायांत लाल आहे, त्यामुळे लालला कसली काळजी नाही. काळजी माझी.

दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. टेबलावर आत्ता सात गिटारी उघड्या पडल्यात. मला एक सवय लागलीय, तुला ठाऊक नसेल. एखाद्या गिटारची तार मी जराही खाली-वर केली की लगेच तिच्या डोक्याला चिठ्ठी बांधते. ‘अर्धा सूर खाली’, ‘सहावी सैल’, जे असेल ते. ठोक्या म्हणतो, “तुझ्या दुकानात शिरलं की शवागारात आल्यासारखं वाटतं. प्रत्येकीला आपली चिठ्ठी!” हसू दे त्याला. चिठ्ठी बांधल्याशिवाय मी पाणी प्यायलाही उठत नाही.

त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तो विषय काढायला हे पत्र नाही. एवढंच सांगते की त्यानंतर तू वाजवणं सोडलंस हे कुणालाच पटलेलं नाही, आत्याला तर नाहीच. आणि मला

राहू दे. वहिनीला नमस्कार. तिने पाठवलेला मफलर मी दुकानात वापरते, त्यावर भुसा बसतो हे तिला सांगू नकोस.

उत्तराची वाट बघते आहे, खरंच बघते आहे.

तुझी
खुंटी

(तू ठेवलेलं नाव. सारखी खुंट्या पिळत बसते म्हणून. आता कोणी या नावाने हाक मारत नाही.)


१४ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

पत्राला उत्तर नाही, पण मंगळवारी वहिनीचा फोन आला. म्हणाली, “तुझा दादा विचारतोय, काळीला तारा कुठल्या घालणार?”

“म्हणजे येतोय तो?”

“तसं नाही म्हणाला. तारा विचारल्या आणि काचा घासायला बसला.”

मी फोन हातात धरून हसत होते. म्हटलं, सांग त्याला, दहाच्या जाडीच्या. तो वापरायचा त्याच. तर वहिनी म्हणाली, “थांब, लिहून घेते, मला यातलं काही कळत नाही,” आणि मागून तुझा आवाज आला, “दहाच्या म्हणाली ना? बरोबर.” एवढंच. पण तुझ्या तोंडून तारांबद्दल निघालेला शब्द मी एकोणीस वर्षांनी ऐकला.

मग वहिनीने आणखी एक गोष्ट सांगितली. सहजच. म्हणे तुमच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं चाक चालू असतं, तू दुसऱ्या खोलीत गिऱ्हाइकाशी बोलत असतोस आणि मध्येच ओरडतोस, “थांबवा ते, काच तडकेल!” आणि पाहावं तर काचेला केसाएवढी चीर गेलेली असते. चाकाचा सूर किंचित चढतो म्हणे, तो तुला भिंतीपलीकडून कळतो. बाकी कोणाला चाकाला सूर असतो हेही माहीत नाही. वहिनी कौतुकाने सांगत होती. मी “हो का” म्हटलं. फोन ठेवला आणि स्टुलावरच राहिले. गिऱ्हाईक आलं, बाहेर उभं राहिलं आणि परत गेलं.

संध्याकाळी काळीची पेटी खाली काढली. एक कुलूप गंजलं होतं, त्यात तेल सोडलं. आतलं सगळं जसंच्या तसं आहे. मान सरळ आहे, एका केसाने वाकलेली नाही. तारा मात्र हिरव्या पडल्या होत्या, त्या कापून टाकल्या. पेटीतल्या लहान कप्प्यात तीन गोष्टी मिळाल्या. तुझं पुसायचं फडकं. लालची तुटलेली तिसरी तार, नीट वेटोळं करून ठेवलेली. आणि कापसाचा एक लहान बोळा, कानात घालायचा.

तो बोळा मी परत तिथेच ठेवला.

बुधवारी गाडीत ड्रम नव्हते, म्हणून तिन्ही गिटारी घेऊन सभागृहात गेले. आता तिथे दिव्यांसाठी नवीन बटणं आहेत, गोल फिरवायची, आणि दिवे अर्ध्यावर आणले की काळी अॅम्पमधून घूं करायला लागते. लाल गप्प, दुधीही जवळजवळ गप्प, फक्त ही बया घूं घूं. तारांचा आवाज पकडणारे तिचे पिकअप जुने आहेत, त्यांना असल्या दिव्यांचं वावडं. ठोक्या म्हणाला, “झालं, निकाल लागला. शनिवारी दुधी आण आणि मोकळी हो.”

मी मोकळी झाले नाही. काळी गळ्यात अडकवून स्टेजभर फिरले, एकेक पाऊल. कुठे घूं वाढतं, कुठे कमी होतं, ते बघत. स्टेजच्या डाव्या कडेला, भिंतीकडे अर्धवट वळून उभं राहिलं की घूं जातं. पुरतं नाही, पण गाण्यात कळणार नाही इतकं जातं. मी खडूने तिथे फुली मारली. मारल्यावर लक्षात आलं की तेव्हा तू बरोबर तिथेच उभा होतास. मी मागे, दहा पावलांवर, तुझ्या गिटारी सांभाळत.

आत्या खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “त्या दिवशी त्याला काय झालं, मला आजतागायत कळलेलं नाही. इतका सुरेल मुलगा. मीच काही चुकले का गं? मीच वेगळ्या पट्टीत गायले का?”

“नाही आत्या.”

“तू तर मागेच होतीस. तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, “दिव्यांकडे बघते,” आणि दिव्यांकडे गेले.

दादा, काळीला नव्या तारा घातल्यात. दहाच्या. रोज ताणते, सोडते, परत ताणते, म्हणजे शनिवारपर्यंत त्या बसतील आणि मध्येच सरकणार नाहीत. लालची घोडीही, तारा जिच्यावर टेकतात ती, उतरवून पाहिली. तिसऱ्या तारेखालची धार तेव्हाच घासायला हवी होती, ती मी पुढे कधीतरी घासली. त्यानंतर तिथे तार तुटलेली नाही. पण तार ती, तिचं काय सांगावं? काळी नेली आणि तू आला नाहीस तर अकरा गाणी एका गिटारवर काढायची आहेत, हे मी रोज स्वतःला सांगते. तालमीत चौथ्या गाण्याला माझा हात आपोआप हलका पडतो. चौथं गाणं तेच आहे.

एक विचारू? त्या दिवशी जेवायला तुम्ही सगळे बाहेर गेला होतात. मी आतच थांबले होते. हे तुला कधी कोणी सांगितलं होतं का?

बाकी भेटल्यावर. बसचं वेळापत्रक सोबत जोडलंय. सकाळी सातची घेतलीस तर बारापर्यंत पोचशील, जरा टेकता येईल.

तुझी बहीण


१९ मार्च, बुधवार

दादा,

तुझं कार्ड आज सकाळी आलं. दोनच ओळी, पण मी त्या पाठ केल्यात. ‘येतो. एकच गाणं. काळी तूच सुरात लावून ठेव. माझ्या कानाचा भरवसा नाही, तुझ्या आहे.’

तू येतोयस. दहा दिवस मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आता मी गप्प राहिले तर शनिवारी तू येशील, मी काळी लावून तुझ्या हातात देईन, तू वाजवशील, आत्या रडेल, ठोक्या तुला मिठी मारेल. सगळं नीट होईल. आणि तू घरी जाशील तो हेच समजून जाशील की बहिणीने सूर लावून दिला म्हणून निभावलं.

म्हणून ही पुढची पानं. वाचून झाल्यावर तुला वाटेल ते कर.

त्या दिवशी सकाळी तू गाण्यांची यादी केलीस आणि माझं गाणं काढून टाकलंस. आठवतं? मी बांधलेलं पहिलं गाणं. तू म्हणालास, “आज तो रेकॉर्डिंगवाला यायचाय गं. आज नको, पुढच्या वेळी नक्की.” तू नीट समजावून सांगितलंस, ओरडला नाहीस. मीही “चालेल की” म्हटलं. मला अजिबात चाललं नव्हतं.

तुम्ही जेवायला गेलात. मला भूक नव्हती. स्टेजवर कोणी नव्हतं, लाल तुझ्या जागेवर होती आणि काळी शेजारच्या स्टँडवर, अडीअडचणीला म्हणून लावून ठेवलेली. मला वाटलं, निदान रिकाम्या खुर्च्यांसमोर तरी माझं गाणं एकदा त्या सभागृहात होऊ दे. माझ्या आवाजाला ते गाणं जरा उंच पडायचं. मी काळीच्या सहाही तारा अर्धा सूर खाली आणल्या, गाणं म्हटलं, दोनदा म्हटलं. तेवढ्यात दारातून कोणीतरी हाक मारली, दिव्यांची वायर धरायला. मी काळी स्टँडवर ठेवली आणि पळाले.

परत वर चढवायची राहिली.

दादा, ही एवढीच चूक असती तर मी त्याच दिवशी तुझे पाय धरून सांगितलं असतं. पुढचं सांगायला मला एकोणीस वर्षं लागली.

चौथ्या गाण्यात लालची तिसरी तार तुटली. तू एक ठोकाही न चुकता लाल उतरवलीस, काळी गळ्यात घातलीस आणि तुझी एकट्याची ओळ सुरू केलीस. पहिल्याच सुराला मला कळलं. हात बरोबर, बोटं बरोबर, आणि निघतोय तो शेजारचा सूर. मी दहा पावलांवर होते. तू काळीच्या मानेकडे बघितलंस, आपल्या हाताकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी तुला फक्त एक घर वर सरकायला सांगायला हवं होतं. एक बोट वर केलं असतं तरी तुला समजलं असतं, तू लगेच सरकला असतास, लोकांना वाटलं असतं हे मुद्दामच केलं. एक बोट, दादा.

मी नाही केलं. घाबरले, हे खरं आहे, पण ते नंतर. आधी, एक ओळभर, मला बरं वाटलं. यादीतून गाणं काढणाऱ्या माणसाचं चुकतंय याचं बरं वाटलं. ती ओळ संपली आणि मग मी घाबरले, आणि तोवर तू करंगळीने आवाजाचं बटण बंद केलं होतंस. गाणं संपेपर्यंत तू नुसता हात हलवत उभा राहिलास, वाजवल्यासारखा. चेहऱ्यावर हसू ठेवून. मला ते हसू अजून दिसतं.

तू स्वतःच का ओळखलं नाहीस, हा प्रश्न मी स्वतःला सोयीसाठी पुष्कळ वर्षं विचारला. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. महिनाभर तुझ्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती, तू डॉक्टरांकडे जात होतास, कापूस घालत होतास. एखाद दिवशी कान दगा देणार, ही भीती तुझ्या मनात होतीच. काळी चुकली तेव्हा तुला वाटलं, आला तो दिवस. गिटार चुकीची असेल असं तुझ्या मनातही आलं नाही, कारण ती मी लावली होती.

कार्यक्रम संपला. तू तोंड धुवायला गेलास आणि मी फडक्याने काळी पुसते आहे असं दाखवून सहाही खुंट्या परत चढवल्या. तू आलास आणि म्हणालास, “बघ गं, सुरात आहे का ही?” मी म्हटलं, “आहे की.” तू ट्यूनर लावून स्वतः पाहिलंस. एकेक तार. प्रत्येक वेळी काटा बरोबर मध्ये. सहावी तार झाल्यावर तू ट्यूनर माझ्या हातात दिलास आणि पेटीची कुलपं लावलीस. पुढे डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. तू म्हणालास, त्यांच्या यंत्राला सूर कुठे कळतो. शिट्टी वर्षभरात गेली. तू परत आला नाहीस.

अजून एक राहिलंय आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करणार नाही. तो रेकॉर्डिंगवाला बाहेर जाताना माझ्यापाशी थांबला होता. त्याने विचारलं, “तुमचे भाऊ नेहमी असंच वाजवतात?” मी म्हटलं, “नाही, त्याच्या कानाला जरा त्रास आहे.”

तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. त्यापलीकडे तू होतास की नव्हतास, हे मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस कधी झालं नाही. असलास तर तुला वाटलं असणार, ज्या बहिणीच्या कानावर माझा भरवसा, तीही असंच म्हणतेय.

तुझे कान तेव्हाही ठीक होते. आजही आहेत, तुझ्या दुकानातल्या चाकाला विचार. मी त्या चिठ्ठ्या का बांधते, ते आता तुला कळलं असेल. माझं ते गाणं मी नंतर कधी म्हटलं नाही. त्याने काही भरून निघत नाही हे मला कळतं.

कार्ड आल्यावर आज आधी आत्याकडे गेले. हे सगळं तिला सांगितलं, आत्ता लिहिलंय त्याच क्रमाने. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “त्याला आधी कळव. शनिवारच्या आत कळव, आला नाही तरी चालेल. मला तुझ्यावर ओरडायचंय, पण ते रविवारी. आत्ता घसा वाचवतेय.” मी निघाले तर दारापर्यंत आली आणि म्हणाली, “एकोणीस वर्षं मी समजत होते की माझीच पट्टी चुकली.” एवढ्या हळू म्हणाली की मला ओरडणं परवडलं असतं.

आता शनिवारचं.

गाडीत लाल आणि काळी जाणार. दुधी घरी राहील. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. ठोक्याला सांगितलं, तो म्हणाला, “आणि तार तुटली तर?” मी म्हटलं, तुटलेल्या तारेची गिटार घेऊन उभी राहीन, सगळ्यांसमोर, गाणं संपेपर्यंत. कुणीतरी तसं उभं राहिलेलं मी पाहिलंय. मौनी बोलला. म्हणाला, “काळी माझ्या मांडीवर दे, तिच्या जागी बास ठेवतो.”

काळीच्या तारा आता चांगल्या बसल्यात. पण तू लिहिलंस ते मी करणार नाही. मी ती सुरात लावून ठेवणार नाही. निघण्याआधी सहाही तारा सैल सोडीन आणि तशीच स्टँडवर उभी करीन, खडूच्या फुलीपाशी. डोक्याला चिठ्ठी असेल, ‘सैल. कोणी हात लावू नये.’ ट्यूनर दुकानाच्या खणात राहील. ठोक्याकडे आहे तोही मी काढून घेतलाय.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. मी फोन करणार नाही, तूही करू नकोस, वहिनीकडून विचारू नकोस. सातच्या बसमध्ये तू बसलास की नाही हे मला दुपारपर्यंत कळायला नको. तू नाही आलास तर तुझं बरोबर असेल. आलास आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी तुझं बरोबर असेल.

दहा गाणी झाली की मी लालची पाचवी तार छेडीन. नुसती, मोकळी. सूर घ्यायला तेवढा एक आधार पुरतो, तूच शिकवलंयस. त्यावरून तुझी तू लावून घे. लोकांना थांबू दे. आत्या म्हणाली आहे, ती थांबेल.

तार विझली तर मी परत छेडीन.

तुझ्या काळीच्या खुंट्यांना या वेळी हात न लावणारी,
खुंटी